उतारावरचे चार मीटर

दिनांक ११ मार्च रोजी आमच्या नगरपालिकेत राज्य सरकारचे पत्र आले. मंजूर अनुदान ४१,८६,८०० रुपये, अक्षरी एक्केचाळीस लाख शहाऐंशी हजार आठशे फक्त. योजनेचे नाव होते ‘जमीन संवर्धन व मैदानी विरंगुळा’, पण गावात सगळे ‘ओढ्याचे पैसे’ एवढेच म्हणत. बंद पडलेल्या कागद गिरणीमागची पावणेचार एकर उतरती जमीन विकत घ्यायची, तिथली झाडे आणि ओढा आहेत तसे राखायचे, आणि लोकांना फिरण्यासाठी एक पायवाट करायची, असे काम होते. खर्चाचे चार भाग केले तर तीन सरकारचे, एक आमचा. मी लेखा शाखेत आहे. चौतीस वर्षांत मंजुरीची पत्रे पुष्कळ हाताखालून गेली. त्यांची नोंद करायची, फाइलला लावायची आणि पुढच्या कागदाला लागायचे, एवढाच माझा त्यांच्याशी संबंध. या पत्राची मात्र एक प्रत खिशात घातली आणि दुपारच्या सुट्टीत एका निवृत्त माणसाच्या घरी वाचून दाखवायला गेलो.

त्या माणसाला सगळे खुंटीमामा म्हणतात.

मामा भूमापन खात्यात साखळीवाले होते. एकोणिसाव्या वर्षी लागले, अठ्ठावन्नाव्या वर्षी सुटले. जमीन मोजताना साखळीचे मागचे टोक मोजणीदार साहेबाच्या हातात असते आणि साहेब एका जागी उभा असतो. पुढचे टोक घेऊन काटे, चिखल, कुणाचा कुत्रा, कुणाची म्हातारी, जे आडवे येईल त्यातून सरळ रेषेत जायचे ते साखळीवाल्याने. टोक ताणले गेले की तिथे खुंटी ठोकायची. दोन भाऊ वाटणीवरून भांडत असले तर खुंटीवर पहिला घाव पडताच दोघांच्याही शिव्या मामाच खाणार. “साहेबाला कोण शिव्या देणार?” ते म्हणत. “साहेब लांब असतो. मी आणि खुंटी, आम्ही दोघं हाताशी.”

आमची त्यांची ओळख आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात झाली. या अनुदानाचा अर्ज पाठवायची शेवटची तारीख एकतीस, आणि अर्जासोबत जमिनीचा मोजणी नकाशा हवा होता. भूमापन खात्याने चार महिने लागतील असे कळवले. आमच्या कार्यालयात एक कनिष्ठ अभियंता आहे, सव्वीस वर्षांची मुलगी; सगळे तिला इंजिनिअरताई म्हणतात. नकाशा काढून त्यावर सही करायचा तिला अधिकार आहे, पण प्रत्यक्ष मोजायला हाताशी माणूस नव्हता. कुणीतरी मामांचे नाव सुचवले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पाच मिनिटे कमी असताना मामा माझ्या टेबलापुढे उभे. खांद्याला पिशवी, पिशवीत पोलादी फीत, ओळंबा आणि खुंट्यांची जुडी.

“पैसे किती घ्याल?” मी विचारले.

“पैसे नकोत. एक अट आहे.”

“सरकारी कामात अट सरकार घालतं, मामा.”

“मग तुमचं तुम्ही मोजा,” असे म्हणून ते चक्क वळले. इंजिनिअरताईने धावत जाऊन त्यांना खुर्चीवर बसवले आणि माझ्याकडे असे पाहिले की मी गप्प झालो.

अट एकच होती. फाटकापासून ओढ्याच्या पाण्यापर्यंत पायवाटेच्या डाव्या हाताला कठडा हवा. कमरेएवढ्या उंचीचा, गोल नळीचा, मध्ये कुठेही न तुटणारा. कशासाठी ते त्यांनी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. ताईने अंदाजपत्रकात कठड्याची बाब घातली.

मोजणी अकरा दिवस चालली. योजनेच्या नियमात स्थानिक वाटा श्रमाच्या रूपानेही धरता येतो, म्हणून मामांच्या अकरा दिवसांचे दिवसाला ६४० प्रमाणे ७,०४० रुपये मी आमच्या बाजूला दाखवले. मामांना दाखवले तेव्हा ते खूप हसले. “नोकरीत एवढे कधी पडले नाहीत. फुकट काम केल्यावर भाव आला बघा.”

शिपाई रजेवर असल्याने त्यातल्या दोन रविवारी फितीचे मागचे टोक मी धरले. बसून काम करणाऱ्याला ते सोपे वाटते. मी टोक जमिनीवर टेकवले की उतारावरून मामांचा आवाज यायचा.

“साहेब, टेकवू नका! उचला! फीत आडवी पाहिजे!”

“जमीनच मोजतोय ना, मामा? मग जमिनीवर टेकवली तर काय बिघडलं?”

ते तेवढा चढ चढून वर आले. दम खाऊन म्हणाले, “टेकवून मोजली तर उतारवाल्याची जमीन सपाटवाल्यापेक्षा जास्त भरेल. नकाशा वरनं बघतो, साहेब, कावळ्यासारखा. चढ-उतार त्याला दिसत नाही. म्हणून फीत हवेत आडवी धरायची, टोकाला ओळंबा सोडायचा, आणि ओळंबा जिथं टेकेल तिथं खुंटी. एकोणचाळीस वर्षं असंच मोजलंय. झोपेतसुद्धा माझी फीत आडवीच असते.”

पायवाटेची लांबी दोनशे चाळीस मीटर भरली. कठड्याची नळी सहा मीटरची येते. म्हणजे बरोबर चाळीस नळ्या, वर ना खाली. असा सुटसुटीत भागाकार आकड्यांच्या कामात क्वचित भेटतो. त्या पानावर सही करताना मला फार बरे वाटले होते, हे इथे कबूल करतो.

कठडा कशासाठी ते मला पहिल्यांदा मामांच्या घरी गेलो तेव्हा कळले. नकाशावर ‘मोजणारा’ म्हणून त्यांची सही राहिली होती. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या. जिना चढून गेलो तर भिंतीवर कमरेच्या उंचीला, दारापासून आतल्या खोलीपर्यंत, एक काळपट पट्टा उमटलेला दिसला. पहिल्यांदा मला ओल वाटली. मग आतून मामी आल्या, त्या पट्ट्यावरून हात फिरवत.

मामींना काचबिंदू होता. उजवा डोळा गेलेला, डाव्यात मधोमध तेवढे दिसत होते. “नळीतून बघावं तसं,” त्या म्हणाल्या. “तुमचं नाक दिसतंय, कान नाहीत. कान आहेत ना?”

“आहेत,” मी म्हणालो.

“मग ठीक. सरकारी माणसाचं सांगता येत नाही.”

मामी शिंप्यांसाठी काज-बटणाचे काम करत. तीन दुकानांचे शर्ट त्यांच्याकडे यायचे. आता एकाचेच येत होते. खिडकीपाशी गादीच्या तुकड्यात बारा सुया ओळीने टोचलेल्या होत्या, प्रत्येकीत दोरा ओवलेला. मामा रोज सकाळी चहाच्या आधी त्या बारा सुया ओवून ठेवतात. बारा सुयांत दिवसाचे काम होते. डॉक्टरांनी वर्ष-दीड वर्षाची मुदत सांगितली होती.

मामा सही करायला पेन शोधत होते तेवढ्यात मामी मला म्हणाल्या, “कठड्याचं खूळ माझं आहे बरं का. यांना उगीच दोष देऊ नका.”

“खूळ कसलं?”

“बाहेर पडायचं म्हटलं की माझा हात धरायला सगळे तयार. शेजारीण तयार, भाची तयार, हे तर चोवीस तास तयार. घेऊन जायला सगळे आहेत हो. सोडायला कुणी तयार नाही. मला एकदा एकटीनं कुठंतरी जाऊन एकटीनं परत यायचंय. थोडं दिसतंय तोवर वाट हाताला शिकवून ठेवली की मग दिसलं काय नि नाही काय.”

मामांना पेन सापडले होते. पेन हातात धरून ते तिथेच उभे होते.

तर ११ मार्चला मी जे पत्र वाचायला गेलो ते या घरी. मामींनी रक्कम दोनदा वाचायला लावली. मग म्हणाल्या, “एवढ्यात माझा कठडा किती?” मी बाब काढून सांगितली. “अगोबाई! एवढ्यात तर आमचं लग्न, यांच्या बहिणीचं लग्न, आणि वर एक शिलाई मशीन झालं असतं.”

जूनमध्ये जमिनीचे खरेदीखत झाले. त्यात सरकारची अट लिहिली गेली: ही जमीन कायम खुली राहील, आणि मंजूर परिमाणाबाहेरचे कुठलेही बांधकाम, कायमचे वा तात्पुरते, तिथे होणार नाही. उद्या कुणी हळूच एखादी टपरी किंवा बंगला उठवू नये म्हणून घातलेली ही अट, आणि माझ्या मते फार चांगली अट. मीच ती दोनदा वाचून बिनचूक असल्याची खूण केली.

ऑक्टोबरअखेर पायवाट झाली. कठड्याचे काम एका वेल्डरकडे होते. काम चोख, पण तोंड बंद असे कधी नाहीच. नोव्हेंबरच्या बारा तारखेला इंजिनिअरताईचा फोन आला.

“सर, जरा ओढ्यावर याल? आत्ता.”

मी गेलो. ताई, वेल्डर आणि मामा उताराच्या शेवटी उभे होते. कठडा फाटकापासून झाडांमधून वळणे घेत, पायऱ्यांच्या बाजूने उतरत आला होता आणि पाण्याच्या अलीकडे संपला होता. पुढे चार पायऱ्या, मग एक सपाट खडक, मग पाणी. त्या चार पायऱ्यांना कठडा नव्हता.

“चाळीसच्या चाळीस नळ्या लागल्या,” वेल्डर म्हणाला. “मी एकही खाल्लेली नाही. मोजून घ्या.”

ताईने फीत घेतली आणि कठड्याच्या शेवटापासून खडकापर्यंत पायऱ्यांवरून टाकली. चार मीटर.

आम्ही काही बोलायच्या आधी मामा खाली बसले. पाय दुमडून, हात गुडघ्यांवर ठेवून. मग म्हणाले, “मी आडवी मोजली.”

ताईला कळायला क्षणभर लागला, मला थोडा जास्त. जमीन आडवी मोजायची असते, नकाशासाठी. पण कठडा हवेत आडवा राहत नाही. तो उताराबरोबर उतरतो. आडव्या दोनशे चाळीस मीटरला उतारावरून दोनशे चव्वेचाळीस मीटर नळी लागते. शिकाऊ पोराने फीत जमिनीवर टेकवून मोजली असती तर माप बरोबर आले असते. एकोणचाळीस वर्षे बिनचूक मोजणाऱ्या माणसाचेच चुकले, आणि चुकले ते बिनचूक मोजल्यामुळे.

“मामा, नकाशावर सही माझी आहे,” ताई म्हणाली. “मला सुचायला हवं होतं.”

“आणि भागाकार मी तपासला,” मी म्हणालो.

“तुम्ही दोघं कागदावर होता,” मामा म्हणाले. “जमिनीवर मी होतो.”

वेल्डरला शांतता सोसत नाही. “एवढं काय त्यात? एक्केचाळिसावी नळी आणू. नाहीतर मामांची जुनी साखळी बांधू.”

“साखळी हाताला चिमटे घेते,” मामा खाली बघूनच म्हणाले. “आणि गंजते.”

नळीचे पैसे मी खिशातून दिले असते. अडचण पैशाची नव्हतीच. मंजूर कठडा दोनशे चाळीस मीटर. त्यावर एक वीतही वाढवायची तर सुधारित मंजुरी हवी, आणि तिला कमीत कमी सहा महिने. परवानगीशिवाय वाढवला तर खरेदीखतातली अट मोडली, आणि अट मोडली तर शेवटचा हप्ता अडकला. ती अट बिनचूक असल्याची खूण माझीच. मी हे सगळे सांगितले. सांगताना माझाच आवाज मला आवडला नाही.

“सहा महिने,” मामा म्हणाले आणि उठले. त्या आठवड्यात मामींना घेऊन ते डॉक्टरांकडे जाऊन आले होते, हे मला वेल्डरने परतताना सांगितले. डॉक्टरांनी आता वर्ष-दीड वर्ष म्हटले नव्हते. उन्हाळ्यापर्यंत, म्हटले होते.

त्यानंतर नऊ दिवस मामा कार्यालयात आले नाहीत. एरवी दिवसाआड यायचे, काम असो नसो. माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून फायलींची चवड सरळ करायचे. मी सुधारित मंजुरीचा प्रस्ताव पाठवला. वर फोन केला तर पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “चार मीटरसाठी? अहो, चारशे असते तर लवकर झालं असतं. चारची फाइल कोण वर नेणार?”

दहाव्या दिवशी मी घरी गेलो. मामा खिडकीपाशी सुया ओवत होते, दुपारी. मामी समोर बसून एका शर्टाची काजे करत होत्या. मामांनी मला डोळ्यांनी खुणावले की विषय काढू नका. मी हवापाण्याचे बोललो. चहा आला. मामींनी कप ठेवण्याआधी बोटाने टेबलाची कड चाचपली, मग म्हणाल्या, “नऊ दिवस झाले, हे कठड्याचं नाव काढत नाहीत. रंग वाळतोय, रंग वाळतोय म्हणतात. कुठला रंग नऊ दिवस वाळतो हो?”

मी मामांकडे पाहिले. मामांनी सुई खाली ठेवली.

“अगं, कमी पडला,” ते म्हणाले. “माझ्या मापानं. चार मीटर.”

मामींचे हात थांबले. रागावतील किंवा डोळे पुसतील असे मला वाटले. त्यांनी सुई शर्टात टोचून ठेवली. मग विचारले, “कुठल्या टोकाला?”

“ओढ्याच्या.”

“फाटकाच्या टोकाला काय आहे?”

“फाटक.”

“फाटकाच्या टोकाला फाटक आहे, हे कळलं मला. बाजूला काय आहे?”

“रोपवाटिकेची भिंत.”

“किती लांब?”

मामांनी मान वर केली. “साडेसात मीटर,” ते हळूच म्हणाले.

“कठड्याच्याच बाजूला?”

“त्याच बाजूला.”

“मग भिंत आणि कठडा दोन्ही कशाला? मला हात एकच लावायचाय.” त्यांनी मांडीवरचा शर्ट उलटा केला आणि खालची दुमड माझ्यापुढे धरली. “शर्ट लांबीला कमी पडला तर शिंपी रडत बसत नाही. आत कापड कुठं जास्तीचं दुमडलंय ते बघतो आणि तिथलं सोडतो. दुनियेची जमीन मोजलीत, आणि नऊ दिवस हे पोटात घेऊन बसलात! मला विचारायला काय झालं होतं?”

मामांनी मामींकडे पाहिले. मग माझ्याकडे वळले. “साहेब, मापाचं शून्य फाटकापाशीच धरायचं असं कुठं लिहिलंय?”

नकाशात कठडा फाटकापासून दाखवला होता. पण योजनेच्या नियमावलीत चौदावे कलम आहे. मंजूर परिमाण न वाढवता एखादी बाब त्याच वाटेवर दहा मीटरपर्यंत पुढे-मागे सरकवायची असेल तर ते जागेवरचा अभियंता ठरवू शकतो; कारण लिहून फाइलला लावायचे, बस. हे कलम मी शेकडो वेळा ओलांडून पुढे गेलो होतो. चहा तसाच टाकून उठलो.

“अहो, चहा!” मामी म्हणाल्या.

“कलम बघून येतो.”

“कलम काय पळून जातंय?”

ताईने त्याच संध्याकाळी टिपण लिहिले आणि दुसऱ्या दिवशी काम लागले. फाटकाजवळची पहिली नळी कापायची, तिचे तीन खांब खणून काढायचे आणि सगळे ओढ्यापाशी बसवायचे. वेल्डरने खांब हलवून पाहिला आणि कपाळाला हात लावला. “माझंच काम इतकं पक्कं असेल असं वाटलं नव्हतं मला.” मामा पहार घेऊन खणायला बसले. नळी सहा मीटरची आणि कमतरता चारची. उरलेले दोन मीटर खडकावर पाण्याच्या कडेने वळवले, म्हणजे तिथे टेकून उभे राहता येईल. ही कल्पना वेल्डरची, आणि ती त्याने चार दिवस भेटेल त्याला सांगितली.

तपासणीला सरकारचे एक गृहस्थ एकोणीस डिसेंबरला आले. त्यांनी कठडा मोजला, दोनशे चाळीस. मग नकाशा काढला. “हा तर फाटकापासून हवा.”

“शून्य सहावर धरलंय, साहेब,” मामा म्हणाले.

“तुम्ही कोण?”

“स्थानिक वाटा,” मामा म्हणाले. “सात हजार चाळीस रुपये.”

ताईने टिपण पुढे केले. त्यांनी ते वाचले, चौदावे कलम वाचले, भिंतीवरून हात फिरवून पाहिला, आणि सही केली. जाताना ओढ्यावर पाच मिनिटे कठड्याला टेकून उभे राहिले. त्याची नोंद त्यांनी कुठे केली नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मामी आल्या. मी येणार नव्हतो. मामांनीच निरोप धाडला. फाटकातून आत आल्यावर मामींनी डावा हात भिंतीवर ठेवला. मामांनी त्यांचा उजवा हात धरला.

“भिंत आहे मला,” मामी म्हणाल्या.

मामांनी हात सोडला.

“सोडलात कशाला? भिंत संपेपर्यंत राहू द्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली, रस्त्यात कधी हात धरला नाहीत.”

“लोक बघतात.”

“बघू दे. मला दिसत नाहीत.”

ते सहा मीटर दोघे हातात हात घालून चालले. मी मागे राहिलो. पहिला खांब लागला तसा मामींनी त्यावर तळवा ठेवला, नळी वरून खालून चाचपली, आणि दुसरा हात सोडवून घेतला.

“आता तुम्ही इथंच थांबायचं.”

“खाली शेवटी चार पायऱ्या आहेत. त्यातली तिसरी जरा...”

“मोजते मी. मोजता तुम्हालाच येतं असं नाही.”

मामी निघाल्या. सावकाश, पण न थांबता. पहिल्या वळणापर्यंत दिसत होत्या, मग झाडांआड गेल्या. मामा पहिल्या खांबापाशी उभे होते. त्यांचे हात काही करायला शोधत होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, घडी घातली, परत ठेवला. आयुष्यभर हा माणूस पुढे चालत गेला होता. एका जागी उभे राहून वाट बघायची त्याला सवय नव्हती.

“किती झाली मिनिटं?” त्यांनी विचारले.

“सात.”

“सातात पोचायला पाहिजे.”

“पोचतील.”

“खाली जाऊ का? नुसतं वळणापर्यंत. तिला कळणार नाही.”

“नको, मामा.”

ते वळणाकडे बघत राहिले. अकराव्या मिनिटाला खालून आवाज आला, मोठा आणि अगदी स्पष्ट. “अहोऽऽ! पाणी बर्फासारखं आहे!”

मामांनी पुन्हा रुमाल काढला. मीच हात तोंडाशी धरून “आवाज पोचला!” असे ओरडलो.

मामी तिथे बराच वेळ बसल्या. तिकडे जाऊ का, असे मामांनी पुन्हा विचारले नाही. पस्तीस मिनिटांनी त्या झाडांतून वर येताना दिसल्या, हात नळीवर, साडीचा काठ भिजलेला. आता त्या आठवड्यातून चार दिवस जातात. डावा डोळा एप्रिलमध्ये गेला. जाणे थांबलेले नाही.

शेवटचा हप्ता फेब्रुवारीत जमा झाला आणि फाइल बंद झाली. नळी कापून खांब हलवण्याचे वेल्डरने साडेतीनशे सांगितले होते. त्याला अंदाजपत्रकात जागा नव्हती. मामा म्हणाले, चूक माझी, मी देतो. मी म्हणालो, भागाकार माझा. शेवटी निम्मे-निम्मे ठरले. मामांनी त्यांचे एकशे पंच्याहत्तर त्याच दिवशी दिले. माझ्याकडे दोनशेची नोट होती आणि वेल्डरकडे सुटे नव्हते. मग तो दुसऱ्या गावी पुलाच्या कामावर गेला. माझे एकशे पंच्याहत्तर रुपये अजून द्यायचे आहेत.